मेन मधी पायजे

कॉम्प्युटरवर नुसता फोटो लावायचा म्हणून मुलांपुढचे दोन मॉनिटर काढायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शिक्षणसंस्थेचा सचिव होता, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. बारामतीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी इंदापूरच्या एका हायस्कुलात शिकवायला लागले होते. लॅब म्हणजे पूर्वीची चित्रकलेची खोली. भिंतीवर जुन्या पोरांनी उडवलेले रंगांचे शिंतोडे तसेच होते आणि त्या भिंतीला टेबलं लावून कॉम्प्युटर मांडले होते. एका मॉनिटरपुढं चार-चार मुलं बसायची. एकाच्या हातात माउस आणि बाकीच्यांचे डोळे त्या हातावर. आपली पाळी लवकर यावी म्हणून काही पोरं डबा न खाता मधल्या सुट्टीत येऊन दारात बसायची. अशा ठिकाणी दोन मॉनिटर कमी होणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. सचिवांना ते कळायचं कारण नव्हतं, कारण लॅबचं उद्घाटन झाल्यापासून त्यांनी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं.

टाकलं ते पुण्याहून परत आल्यावर. तिथं कुठल्याशा ऑफिसात त्यांनी तीन मॉनिटर एकाला एक लावून ठेवलेले पाहिले, आणि तिन्हींवर मिळून एकच डोंगर पसरलेला पाहिला. त्या डोंगरानं त्यांची झोप उडवली होती.

"मॅडम, एकच चित्र, तिन्हीवर!" ते दारातूनच म्हणाले. "हिकडनं बाण सोडला की पार तिकडं जातोय. आपल्याकडं व्हईल का न्हाय?"

"होईल," मी म्हटलं. "नव्या विंडोजमध्ये जमतं. पण एकाच कॉम्प्युटरला तीन मॉनिटर जोडावे लागतील. आत दोन कार्डं बसवायची आणि दुसऱ्या दोन कॉम्प्युटरांचे मॉनिटर काढायचे."

"मग काढा की."

"ते दोन कॉम्प्युटर बंद राहतील, साहेब. तिथली मुलं कुठं बसवू?"

"चार दिसाचा तर प्रश्न हाय. पोरं काय पळून चालल्यात का? पाव्हनं यायचंत, त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं पायजे."

पाहुणे म्हणजे शिक्षण खात्यातले एक मोठे अधिकारी. संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला होता. त्या दिवशी त्यांना डोंगर दाखवण्यात सचिवांना रस नव्हता. शाळेच्या पहिल्या मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत कैक वर्षं भिंतीवर लटकत होता, तो त्यांना तीन मॉनिटरवर पसरवायचा होता. का, ते फोटो पाहिल्यावर लगेच कळत होतं. त्या वर्गात सचिव स्वतः होते. मधोमध, हेडमास्तरांच्या खुर्चीमागं, केसांचा कोंबडा काढून उभे.

आणि त्याच वर्गात आबा होते. माझे वडील.

हे सचिवांना ठाऊक नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आबा पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. पाटाच्या पाण्यावर कुणाचं किती रान भिजलं ते मोजत त्यांनी अर्धा तालुका पायाखाली घातला होता, आणि त्यात सचिवांचा ऊसही येत होता. बांधावर गाठ पडली की सचिव म्हणायचे, "काय मोजणीदार!" आणि आबा म्हणायचे, "नमस्कार, साहेब." एका वर्गात शिकल्याचा विषय दोघांपैकी कुणीही काढायचं नाही. एकाला तो नको होता आणि दुसऱ्यानं काढून उपयोग नव्हता.

आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं. आजोबांनी बुद्धाचा धर्म घेतला, घरातले देव पाटात सोडले, आणि घरी येऊन सांगितलं की आता हे पोरगं मॅट्रिक झालं पाहिजे. वस्तीतून त्या वर्गापर्यंत पोहोचलेले आबा पहिलेच. मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, आमची शिक्षणं केली. पण वर्गाचा फोटो त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी तो पाहिलाही नव्हता. फोटो धुऊन आला तेव्हा शाळा संपली होती, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत उगाच जाऊन भिंतीकडं बघत बसणाऱ्यांतले ते नव्हते.

सचिवांच्या ह्या खुळावर घरी चांगलं तोंडसुख घ्यावं म्हणून मी त्या संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ते हात धुवत होते. धुवायचे थांबले.

"मॅट्रिकचा व्हय? त्यो लावनार हायस तू?"

"लावावा लागणार. हुकूम आहे."

"मग मी येनार बगाय," आबा म्हणाले. "मी कडंला हाय त्यात. एकदम कडंला. बग, दिसतो का."

झालं. माझ्या चिडण्यातली सगळी हवा गेली. आता मलाही तो फोटो लावायचाच होता. आबांना तो दिसला पाहिजे आणि आबा त्यात दिसले पाहिजेत, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं.

इंदापुरात तेव्हा चांगला स्कॅनर नव्हता. फोटोची चौकट टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीनं बारामतीला निघाले. निघायच्या आधी सचिवांनी सूचना दिलीच होती.

"बाजूची सगळी काटून टाका. मधली मोठी दिसू द्या."

मधली म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण "बघते," एवढंच म्हणून मी एसटी गाठली. वाटेतल्या जंक्शन गावाच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता. गाडी तिथं थांबली, माणसं खाली उतरून ऊस मोडून खायला लागली, आणि मी ती चौकट छातीशी धरून आत बसून राहिले. काचेतून मला आबा नीट दिसत नव्हते. फोटो जुना, पिवळा, आणि त्यांची जागा काचेवरच्या एका डागाखाली आली होती.

बारामतीत माझ्या ओळखीचा एक डीटीपीवाला होता. लग्नाच्या पत्रिका हा त्याचा मुख्य धंदा. त्यानं फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला आणि आम्ही दोघं हिशेबाला बसलो. मॉनिटर तेव्हा ठोकळ्यासारखे असायचे, रुंदीला फार नाहीत. तरी तीन शेजारी ठेवले की जागा लांबट पट्टीसारखी होते, उंचीच्या चौपट लांब. ग्रुप फोटो काही असा नसतो. खाली मांडी घालून बसलेली पोरं, त्यांच्यामागं खुर्च्यांवर मास्तर लोक, आणि त्यांच्यामागं उभी पोरं. तीन रांगांपैकी एक जाणार हे नक्की होतं.

"आन त्यात बाजू काटायच्या म्हनता?" डीटीपीवाला म्हणाला. "रुंदी कमी झाली की उंचीबी कमी करावी लागती, मॅडम. मग हुबी हायत त्यांची डोकी गेली."

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी समोरच्या एसटीडी बूथवरून सचिवांना फोन लावला.

"साहेब, बाजू कापता येतात. पण मग तुमचं डोकं कापावं लागतंय."

सचिवांनी पलीकडून लगेच विचारलं.

"कुनाचं?"

"उभे आहेत त्या सगळ्यांचं. मास्तरांचं राहतं. तुमचं जातं."

"मग ऱ्हाऊ द्या बाजू," सचिव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अशा रीतीनं आबा वाचले. खाली बसलेली पोरं मात्र गेली. ती बारकी, अंगठ्यानं माती उकरत बसलेली पोरं वाचवायला माझ्याकडं कुठलंही गणित नव्हतं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

पट्टी कापून झाल्यावर डीटीपीवाल्यानं डावं टोक मोठं केलं, काचेच्या डागाची सावली आली असेल ती पुसायला. तेव्हा मी आबांना पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक मान. दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा मोठा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. फोटोवाल्याकडं रोखून बघणारे डोळे. आणि आबांच्या शेजारी कुणी नाही. बाकीची पोरं खांद्याला खांदा लावून, एकमेकांवर रेलून उभी. एकाचा हात दुसऱ्याच्या गळ्यात. ती रांग जिथं संपते तिथं मोकळी जागा, एक माणूस आरामात उभा राहील एवढी, आणि तिच्यातून मागची भिंत दिसतेय. त्या जागेच्या पलीकडं आबा.

"ह्यो का येवढा लांब गेलाय?" डीटीपीवाला म्हणाला. "अलीकडं घेऊ का ह्याला? भित जोडून टाकतो. परवा एका लग्नात गैरहजर मामा आनून हुबा केलाय मी. कुनाला कळायचं न्हाय."

"हात लावू नका," मी ओरडलेच.

तो बिचारा दचकला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट मला बरं वाटावं म्हणूनच तो म्हणत होता. पण ज्या पोरांना त्या दिवशी एक पाऊल सरकता आलं नाही त्यांच्या वतीनं हा माणूस आता माउसनं आबांना सरकवणार, आणि सगळं गोड गोड दिसणार, ह्या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो काळा-पांढराच होता म्हणून एका फ्लॉपीत कसाबसा मावला. फ्लॉपी पर्समध्ये टाकून मी संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी दोन कॉम्प्युटर आंधळे झाले. त्यांचे मॉनिटर काढताना पोरं भोवती उभी होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा नंबर उद्या होता." तिला काय सांगणार? फोटो लावायचाय, असं सांगितलं. तिनं मान हलवली आणि ती दुसऱ्या घोळक्याच्या मागं जाऊन उभी राहिली. सचिवांनी हे बघायला हवं होतं, पण ते मांडववाल्याकडं गेले होते.

पहिल्या फेरीत फोटो तिन्ही मॉनिटरवर वेगळावेगळा आला, म्हणजे पूर्ण वर्ग तीनदा, आणि सगळे चेपून काठीसारखे बारीक झालेले. नेमके तेव्हाच सचिव आले. तीन ठिकाणी तीन सचिव बघून ते घटकाभर खूश झाले, मग म्हणाले, "पर पुन्यात आसं न्हवतं." दुसऱ्या फेरीत मी 'टाइल', म्हणजे फरशांसारखं चित्र पुढंपुढं लावत जायचं, ते निवडलं आणि फोटो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरला. फक्त गणिताचे मास्तर दोन मॉनिटरच्या मधल्या फटीत सापडले. एक डोळा ह्या मॉनिटरवर, एक त्या. त्याला इलाज नव्हता.

मी डावीकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळे आयकॉन मेन मॉनिटरच्या डाव्या कडेला उभ्या रांगेत बसतात, आणि मेन मॉनिटर होता डावीकडचा. आबांच्या कपाळावर 'माय कॉम्प्युटर' बसला होता, आणि बरोबर छातीवर 'रिसायकल बिन', म्हणजे कचऱ्याची टोपली.

"हे आधी हलवते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या की ती चित्रं तितं," सचिव म्हणाले. "त्या कडंला कोन न्हाय."

"तिथं एक विद्यार्थी उभा आहे, साहेब."

सचिवांनी वाकून बघितलं. खरंच वाकून, चष्मा वर करून बघितलं. आणि म्हणाले, "आसंल. पर मास्तरांच्या कोटावर आनू नका."

मास्तरांच्या कोटावर नको, उभ्या पोरांच्या तोंडावर नको, हेडमास्तरांच्या पगडीजवळ तर नकोच. अख्ख्या फोटोत आयकॉन ठेवायला मोकळी जागा एकच होती. मी ते एकेक ओढत आणले आणि आबा आणि शेजारचा मुलगा ह्यांच्यामधल्या त्या भिंतीवर एकाखाली एक लावले. अगदी मापात बसले. ती मोकळी जागा दिसेनाशी झाली. मला बरंच वाटलं. आबा येतील, स्वतःला बघतील, आणि त्यांना ती भिंत दिसणार नाही, असं मी स्वतःला समजावलं.

वर्धापनदिनाला आबा वेळेच्या आधी आले. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस, आणि खिशाला पेन. "चल, दाव," म्हणतील असं मला वाटलं होतं, पण मॉनिटरांवर शाल टाकलेली बघून ते म्हणाले, "पाव्हन्यांसंगटच बगतो," आणि मागं मुलांच्यात जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात सचिव पूजेचं ताट घेऊन आले. नारळ, हळद-कुंकू, झेंडूचा हार.

"ह्यातला मेन कुठला?"

"हा डावीकडचा. खालच्या डब्याला जोडलेला मुख्य हाच," मी सांगितलं.

"मेन आन कडंला?" त्यांचा आवाज चढला. "पूजा कुनाची करायची? पाव्हन्यांनी काय भितीकडं तोंड करून नारळ फोडायचा का? मेन मधी पायजे."

"साहेब, तो हलवला तर फोटो बिघडेल. सुरुवात त्याच्यापासून होते."

"तुमचं शिक्षान तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं मेन मानूस मधी बसतोय. मी पाव्हन्यांना आनाय चाललोय, तवर मेन मधी आना."

ते गेले आणि मी मुकाट्यानं मॉनिटर हलवले. डावीकडचा मधे, मधला डावीकडं. शाल काढली. सेटिंगमध्ये एक, दोन, तीन असे आकडे घातलेले चौकोन असतात, तेही तसेच सरकवले, म्हणजे बाण ह्या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर सरळ जावा. बाण सरळ गेला. फोटो मात्र गेला नाही. कॉम्प्युटरला आपल्याकडचा मान ठाऊक नाही. त्याच्या लेखी मेन म्हणजे जिथून सुरुवात होते तो. चित्राचं डावं टोक तो मेनवरच आणून ठेवतो, पुढचा भाग उजवीकडं पाठवतो, आणि उरलेलं शेपूट फिरवून डावीकडं आणतो.

तर आता उजव्या टोकाची पोरं डावीकडच्या मॉनिटरवर जाऊन बसली. खुर्चीवरचे हेडमास्तर आणि त्यांच्यामागचे सचिव उजवीकडच्या मॉनिटरवर गेले, आणि तिथं खिडकीतलं ऊन काचेवर असं पडत होतं की कोंबडा काढलेले केस तेवढे कळत होते. आणि मधल्या मॉनिटरवर, मानाच्या जागी, गळ्यापर्यंत बटणं लावलेले आबा.

मला दुरुस्त करता आलं असतं. चित्राचे तुकडे पुढंमागं जोडायला वेळही होता. पण ज्या माणसाला 'कडंला कोन न्हाय' असं दिसलं होतं, त्याच्यासाठी मी हात कशाला हलवू? त्यांनी मेन मधे मागितला होता. मी मेन मधे दिला आणि वर शाल टाकली.

पाहुणे आले. वयस्क, शांत माणूस होता. नारळ फुटला, मधल्या मॉनिटरच्या डोक्याला हळद-कुंकू लागलं, आणि शाल निघाली. टाळ्या पडल्या. सचिवांचे हात टाळी वाजवता वाजवता अर्ध्यातच थांबले. ते स्वतःला मधे शोधत होते.

पाहुण्यांनी साहजिकच मधे बघितलं.

"हे कोण?" त्यांनी आबांवर बोट ठेवलं.

सचिव पुढं झाले. माझ्याकडं असं बघितलं की डोळ्यांनीच खाऊन टाकतील. मग हसून म्हणाले, "ह्यो व्हय? शाळंचा शिपाई आसंल त्या वक्ताचा."

अख्ख्या वर्षाची शाळा. एकच फळा, एकच मास्तर, एकच परीक्षा. नंतर इतकी वर्षं बांधावर नमस्कार. आणि हा माणूस, आबा मागं दहा पावलांवर उभे असताना, त्यांना शिपाई म्हणत होता. शिपाई असण्यात कमी काही नाही. पण विद्यार्थी तिथं उभा राहूच शकत नाही, हे त्यानं किती सहज धरून चालावं!

"शिपाई नाहीत ते. तुमच्या वर्गातले विद्यार्थी आहेत. माझे वडील आहेत, आणि ते इथंच उभे आहेत."

सगळ्या माना मागं वळल्या. सचिवांनी क्षणभर आबांकडं बघितलं आणि मग मोठ्यानं हसले, जसं काही फार जुना दोस्त भेटला.

"आरं व्हय की! मोजणीदार! लांब हुबा ऱ्हायला म्हनून वळकू आला न्हाय बगा." मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "लई लाजाळू हुता साहेब पहिल्यापास्नं. कुनात मिसळायचा न्हाय."

लाजाळू! ह्या शब्दाची चीड मला शिपाई शब्दापेक्षा जास्त आली. शिपाई म्हणणं हे निदान न ओळखणं होतं. लाजाळू म्हणणं म्हणजे ओळखून, सगळं आठवून, त्या भिंतीचा दोष आबांच्याच माथी मारणं होतं. मी तोंड उघडणार तोवर आबा गर्दीतून वाट काढत पुढं आले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचं लक्ष शेजारच्या आयकॉनच्या रांगेकडं गेलं.

"ही काय हायत गं मधी?" त्यांनी मला विचारलं.

"कॉम्प्युटरची चित्रं आहेत, आबा. कुठंतरी ठेवावी लागतात."

"हितनं काढ."

"आबा, राहू दे ना."

"काढ, बाळ. हितं भित हुती."

मी माउस हातात घेतला. एकेक आयकॉन उचलून मी खाली, कडेला, कुणाच्या पायात येतोय ते न बघता नेऊन टाकला. 'रिसायकल बिन' शेवटी हलला आणि ती मोकळी जागा उघडी पडली. काचेवर ती आता चांगली पंज्याएवढी होती. आबांनी खरंच तिथं पंजा ठेवला. जुन्या मॉनिटरच्या काचेवर हात ठेवला की चरचर आवाज यायचा, तो आला.

"लाजून हुबा न्हवतो, साहेब," आबा पाहुण्यांना म्हणाले. आवाज चढवला नाही. रानात माप सांगतात तशा आवाजात म्हणाले. "फोटूवाला म्हनला, जवळ सरका. मी सरकलो हुतो. मास्तर म्हनले, ऱ्हाऊ दे, त्यो तितनंबी दिसतोय."

ज्या मास्तरांनी तसं म्हटलं ते उजवीकडच्या मॉनिटरवर खुर्चीत बसले होते की गणिताचे होते, हे आबांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. पाहुणे त्या जागेकडं बघत राहिले.

"आता जाऊ द्या की मोजणीदार," सचिव म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू सुकलं होतं. "जुनं झालं त्ये."

"जुनंच हाय, साहेब," आबा म्हणाले. "म्हनून तर तुमी ह्यो फोटू लावलाय न्हवं?"

सचिवांनी चहा सांगितला. पाहुणे बाहेर वळले, माणसं त्यांच्यामागं निघाली, आणि दारातून सचिवांनी मला हातानं खूण केली, की ती चित्रं परत होती तिथं लावा.

मी लावली नाहीत.